सेनेटर मावशींचा गुरुवार

"त्यांना माइक देऊ नका हं. त्या उभ्या राहिल्या की चहा गार होतो."

हॉलच्या किचनमध्ये कोणीतरी हे म्हणालं आणि दोघीतिघी हसल्या. मी कपांचा ट्रे घेऊन दारातच थांबले. वेम्बलीच्या मराठी मंडळात माझा तो पहिलाच दिवस होता आणि मला कोणाचीही नावं माहीत नव्हती. पण 'त्या' म्हणजे कोण, हे विचारायची वेळ आली नाही. बाहेर हॉलमध्ये एक ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाई खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या होत्या. सुती साडी, तिच्यावर जावयाचा वाटावा असा ढगळ स्वेटर, पायांत ट्रेनर्स. एक हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर. समोर मंडळाचे अध्यक्ष अभिजितदादा फोनकडे बघत बोलत होते.

"अध्यक्ष महाशय," बाई म्हणाल्या, "ठराव वाचून दाखवा."

"अहो मावशी, वाचायचं काय त्यात? यंदा गणपतीच्या जेवणाला पंगत नाही, बुफे. एवढंच."

"एवढंच आहे तर वाचायला कितीसा वेळ लागणार?"

अभिजितदादांनी हसून सगळ्यांकडे बघितलं आणि फोनवरून वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या वाक्यात त्यांचा आवाज जरा खाली गेला. ज्येष्ठ सभासदांना जेवणाचे डबे घरपोच देण्यात येतील, असं ते वाक्य होतं.

"म्हणजे आम्ही यायचं नाही?"

"तसं नाही मावशी. गर्दी असते, उभ्यानं जेवायचं, तुम्हाला त्रास. तुमच्याच सोयीसाठी आहे."

"सोय आमची आणि ठराव तुमचा. दुरुस्ती सुचवते. तिसरं वाक्य काढा."

दुरुस्ती झाली. त्या बसल्या. मी ट्रे घेऊन पुढे गेले तेव्हा चहा खरंच गार झाला होता. बाईंनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि मला म्हणाल्या, "गरम चहासाठी इथे बरंच काही पास होतं."

डॉ. इंदुमती सबनीस यांच्याशी माझी ओळख झाली ती अशी. मी त्यांना आधी 'आजी' म्हणाले, तर म्हणाल्या, "आजी मी नातवाची. तू डॉक्टर म्हण, मावशी म्हण. सेनेटर म्हणालीस तर वडी देईन." मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. मावशी खरोखर सेनेटर होत्या, म्हणजे एके काळी होत्या. मिरजेला डॉक्टर होऊन त्या लग्नानंतर नवऱ्याबरोबर कॅरिबियन समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर गेल्या होत्या. यजमान तिथल्या पाणीपुरवठ्यावर इंजिनियर, मावशी सरकारी दवाखान्यात. दोन-चार वर्षांसाठी म्हणून गेलेली माणसं तिथेच म्हातारी झाली. बेटाचं नाव सांगितलं की वेम्बलीतले लोक "हो का, मॉरिशसच्या बाजूला?" असं विचारायचे. "नाही, दुसरा समुद्र," एवढंच मावशी म्हणायच्या. पुढे पुढे त्यांनी नाव सांगणं सोडून दिलं. नुसतं 'आमचं बेट'.

त्या बेटाला संसद होती, आणि संसदेला दोन सभागृहं. खालचं निवडून आलेल्यांचं, वरचं नेमलेल्यांचं. "मी पंतप्रधानांची नेमणूक," मावशी सांगायच्या. "त्यांच्या बायकोची सगळी बाळंतपणं मी केली होती. तेवढं क्वालिफिकेशन पुरलं."

यजमान गेल्यावर मुलीनं, स्वातीनं, त्यांना वेम्बलीला आणलं. आणि इथेही त्यांची नेमणूक झालीच. मंडळाच्या घटनेत एक 'ज्येष्ठ सल्लागार सभा' आहे. अध्यक्षांनी पाच वडीलधाऱ्यांना नेमायचं, महत्त्वाचे ठराव त्यांच्यापुढे ठेवायचे, त्यांना पटलं नाही तर त्यांनी ठराव एकदा परत पाठवायचा. एकदाच. दुसऱ्यांदा आला की विरोध फक्त नोंदवायचा, ठराव पास. ही घटना कोणीतरी पूर्वी उत्साहात लिहून ठेवलेली, त्यातलं हे कलम कोणी वाचलेलं नव्हतं. मावशींनी वाचलं. "हुबेहूब आमचं बेट," म्हणाल्या. "थांबवता येत नाही. फक्त उशीर करता येतो. पण उशीर म्हणजे काही कमी नाही. उशीर केला की माणसाला लाज वाटायला वेळ मिळतो."

मी हाउन्सलोला राहते. विमानतळाजवळ एका मालवाहतुकीच्या ऑफिसात शिफ्टमध्ये काम करते, आणि माझी सुट्टी गुरुवारी असते. पुण्यात इंग्लिश मीडियममध्ये शिकले, त्यामुळे मराठी वाचताना मला अजून ओठ हलवावे लागतात. मंडळात मी आले ते माझ्या आईच्या आग्रहामुळे. ज्येष्ठांचा गुरुवार कट्टा भरतो त्या दुपारी मी मोकळी आहे, हे कळल्यावर हॉलची किल्ली माझ्याकडे आली. मी बोलत नाही ही गोष्ट सगळ्यांना सोयीची वाटली असावी. पुढे मला सहचिटणीसही केलं. निवडून नाही, नेमून.

"म्हणजे आपण दोघी एकाच जातीच्या," मावशी म्हणाल्या.

गुरुवारी मी लिमये काकूंना बरोबर घेऊन निघायचे. त्या माझ्या गल्लीतच मुलाकडे राहतात. मुलगा-सून दिवसभर कामावर, नातवंडं इंग्रजीत उत्तरं देणारी. अ‍ॅक्टन टाउनला गाडी बदलून आम्ही अ‍ॅल्पर्टनला उतरायचो आणि ईलिंग रोडवरून चालत हॉलपर्यंत जायचो. काकू गाडीत बसल्या की विचारायच्या, "आज गुरुवारच ना गं?" त्यांना पक्कं माहीत असायचं. पण माझ्याकडून "हो" ऐकायला आवडायचं. त्यांच्या आठवड्यातली बाकीची बडबड फोनवर, भारतातल्या बहिणीशी, तीही बहिणीच्या जेवणाच्या वेळा सांभाळून. पूर्ण वाक्यं त्या गुरुवारी बोलायच्या.

मावशी आमच्या आधी दारात हजर. हातातल्या पिशवीत स्टीलचा डबा. डब्यात बहुतेक वेळा नीरफणसाची कापं. ईलिंग रोडच्या पलीकडे एका कॅरिबियन भाजीवाल्याकडे त्यांना नीरफणस मिळायचा, आणि तो निवडताना त्या त्याच्याशी बेटावरच्या इंग्रजीत बोलायच्या. तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच व्हायचा, सैल आणि गाता. तिथल्याच त्या फुगीर लाल मिरच्यांचा ठेचा करायच्या. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला बोलता येईना. "बघ," म्हणाल्या, "तू अशीही बोलत नाहीस, त्यामुळे कोणाला कळलं नाही."

कट्ट्यावर सतरा गोष्टी चालायच्या. पत्ते, चहा, कोणाच्या तरी गुडघ्याचा स्कॅन, भारतातून आलेल्या अंकाचं वाचन. हे वाचन मावशींनी माझ्यावर लादलं होतं. मी अडखळले की सगळे थांबायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "सभागृह वाट बघेल," मावशी म्हणायच्या, आणि सभागृह खरोखर वाट बघायचं, तोंडात काप धरून.

पण मी त्यांना देवी करून ठेवणार नाही. मावशींबरोबर काम करणं हा एक वैताग होता. साधं खुर्च्या गोल लावायच्या की रांगेत, यावर त्या चर्चा मागायच्या. प्रत्येक गोष्ट संसदेतल्या बिलासारखी तीनदा वाचायची, रेस्टॉरंटमध्ये मेन्यूकार्डसुद्धा. पहिलं वाचन, दुसरं वाचन, मग कलमवार विचार, आणि शेवटी पुन्हा डोसाच. लिमये काकू बिचाऱ्या त्यांच्या सांगलीच्या आत्येबहिणीची गोष्ट सांगायला लागल्या की मावशी मध्येच "विषयाला धरून बोला" म्हणायच्या. इतरांनी बोललं पाहिजे यासाठी भांडणाऱ्या बाई स्वतः कोणाला बोलू देत नव्हत्या. हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं. काकूंनी एकदा सांगितलं. "इंदूताई, मला बोलायचंय, ठराव मांडायचा नाहीये." मावशी उठल्या आणि काकूंना स्वतःची, खिडकीजवळची खुर्ची दिली. आत्येबहीण त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकली गेली. पुढच्या गुरुवारी मात्र पुन्हा "विषयाला धरून".

एकदा मी त्यांना सोडायला घरी गेले. स्वातीचं घर टेरेस्ड, शेजारच्या घरांना भिंती चिकटलेलं, आणि मावशींची खोली लॉफ्टमध्ये, सगळ्यात वर. जिना इतका उभा की त्या बसून उतरायच्या. आम्ही टेकतोय तोच जावई, निखिल, अर्ध्या जिन्यापर्यंत आला.

"मम्मी, जस्ट एफवायआय, आपण बाथरूमच्या टाइल्स फायनल केल्या. ग्रे. तुमची काही हरकत नाही ना?"

"फायनल केल्यावर हरकत कशी घेणार, निखिल?"

"नाही म्हणजे, तुम्हाला विचारलं पाहिजे ना."

"विचारलंस. छान आहेत ग्रे."

तो गेल्यावर मावशींनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या. "खाली पास होतं आणि मग वर येतं," म्हणाल्या. "चांगली मुलं आहेत. कधी आवाज चढवत नाहीत. मला जेवायला वर आणून देतात." आणि मग, खिडकीतून समोरच्या छपरांकडे बघत, "गुरुवारी मी खाली उतरते."

त्या दुपारी त्यांनी मला बेटाची ती गोष्ट सांगितली. मी विचारलं नव्हतं. मी विचारत नाही म्हणूनच लोक मला सांगतात.

संसदेचा हॉल एकच होता. एका दिवशी खालचं सभागृह बसायचं, दुसऱ्या दिवशी त्याच खुर्च्यांवर वरचं. लाकडी झडपांच्या खिडक्या, बाहेर कोंबड्यांचा कलकलाट, आणि गाऊन घालून घामाघूम झालेला क्लार्क. खालून बिल सकाळी यायचं, नियम बाजूला ठेवून तिन्ही वाचनं एकाच बैठकीत उरकायची आणि जेवायला उठायचं. "जेवण फार छान असायचं. म्हणून कोणी लांबवत नसे."

नेमणूक झाल्यावर पहिल्याच वर्षी एक बिल आलं. बेटाच्या वाऱ्याच्या बाजूला कोळ्यांची एक वस्ती होती, तिथल्या सरकारी दवाखान्यातून रात्रीची नर्स काढायची होती. "अध्यक्षांनी विचारलं, अनुकूल? सगळे 'आय' म्हणाले, म्हणजे हो. प्रतिकूल? मी गप्प बसले. हो म्हणाले नाही, बरं का. मला वाटलं, गप्प बसणं म्हणजे दोन्हीच्या मधलं काहीतरी असतं. दुसऱ्या दिवशी रेडिओवर आलं, युनॅनिमस. एकमताने. आठवड्यानं मी त्या दवाखान्यात गेले. तिथली सुईण, माझ्याबरोबर कितीतरी रात्री जागलेली. मला म्हणाली, 'डॉक्टर, यू टू?'"

मावशींनी उशाशी ठेवलेल्या टाचणीच्या डब्याचं झाकण उगाचच उघडलं, लावलं.

"गप्प बसणाऱ्यांना ते लोक 'हो'मध्ये मोजतात. मधलं काही नसतं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं."

पुढे तोच दवाखाना पूर्ण बंद करायचं बिल आलं. या वेळी मावशी 'नो' म्हणाल्या. इतक्या हळू की क्लार्कनं नुसतं वर बघितलं. मग त्यांनी डिव्हिजन मागितलं. म्हणजे सगळ्यांनी मिळून ओरडायचं नाही. क्लार्क एकेकाचं नाव घेणार आणि प्रत्येकानं उभं राहून स्वतःच्या तोंडानं हो किंवा नाही सांगायचं.

"बघण्यासारखं असतं गं ते. गर्दीत ओरडणारा माणूस एकटा बोलायला लागला की त्याचा आवाजच त्याला ओळखू येत नाही. एक जण खोकला. एक जण टॉयलेटला गेला, तो आलाच नाही. एका पाद्रीबाबांनी तीनदा नाव घ्यायला लावलं."

"मग? बिल पडलं?" मी विचारलं. माझ्याकडून निघून गेलं.

"छे. पास झालं."

मला राग आला. कोणाचा ते कळेना. एवढं सगळं सांगून शेवटी पास झालं? "मग काय उपयोग झाला?"

"एकमताने नाही झालं," मावशी म्हणाल्या. जणू यापेक्षा जास्त काही कोणी मागूच नये.

पंतप्रधानांनी नेमलेला सेनेटर पंतप्रधानांच्या सल्ल्यानं काढताही येतो. मावशींना ते रेडिओवरूनच कळलं, पेशंट तपासताना. नर्सनं घाईनं आवाज कमी केला, पण पेशंट म्हणाली, "राहू दे, आवाज वाढव. डॉक्टरचं नाव घेतायत." त्यानंतरच्या स्वातंत्र्यदिनी त्यांना पदक मिळालं. आरोग्यसेवेबद्दल. लॉनवर चहा, बँड, टोप्या घातलेल्या बायका. ते पदक त्या टाचणीच्या डब्यात होतं. "मला काढायचं असलं की लोक माझा सत्कार करतात," त्या म्हणाल्या. आम्ही दोघी हसलो. तेव्हा ते हसण्यासारखं होतं.

खाली उतरताना जिन्यात त्यांनी माझा दंड धरला. "तू कमी बोलतेस. बरं आहे. पण तुझं गप्प बसणं कोण वापरतंय, तेवढं बघत जा."

त्यानंतर काही दिवसांतच गुरुवारचा ठराव आला.

मंडळातल्या पालकांना मुलांच्या इलेव्हन-प्लसच्या, म्हणजे निवडक सरकारी शाळांच्या प्रवेशाच्या परीक्षेसाठी शिकवणी हवी होती. शिकवणाऱ्या बाई फक्त गुरुवारी दुपारी मोकळ्या होत्या. हॉल गुरुवारी दुपारी ज्येष्ठांकडे. म्हणून कट्टा झूमवर न्यावा, असा ठराव. अभिजितदादा वाईट माणूस नाहीत. त्यांची स्वतःची मुलगी परीक्षेला बसणार होती, आणि हे ते लपवतही नव्हते. "बी प्रॅक्टिकल, मावशी. मुलांचं वर्ष जाईल. तुमचं काय, तुम्हाला घरबसल्या सगळे भेटतील."

"घरीच तर बसलेलो असतो," मावशी म्हणाल्या.

सल्लागार सभेनं ठराव परत पाठवला. म्हणजे मावशींनी पाठवला. बाकीचे चार जण "इंदूताई म्हणतील तसं" म्हणाले. मावशींनी पर्यायही दिला होता. शेजारच्या चर्चची छोटी खोली मुलांना घेता येईल. त्या स्वतः जाऊन बघून आल्या होत्या, तिथल्या बाईंचं होकाराचं बोलणंही झालं होतं. मंडळाच्या समितीच्या बैठकीत त्यावर कोणीतरी एवढंच म्हणालं, "चर्चमध्ये हीटिंग नीट नसतं." संपलं. आम्हा म्हाताऱ्यांना तिथे पाठवा मग, असं मावशी म्हणाल्या, तर "तुम्हाला थंडी बाधेल". मी मिनिट्स लिहीत होते. तेही लिहून घेतलं. पण मी काही म्हणाले नाही.

ठराव दुसऱ्यांदा आला तो व्हॉट्सअ‍ॅपवर. सल्लागार सभेच्या ग्रुपमध्ये अभिजितदादांनी लिहिलं, रविवारपर्यंत कोणाची हरकत आली नाही तर संमती समजण्यात येईल. त्या ग्रुपमध्ये मीही होते, सहचिटणीस म्हणून. मावशींनी लगेच लिहिलं. देवनागरीत, पूर्णविरामासह: 'माझी हरकत आहे. बैठक बोलवा.' त्याच्या पाठोपाठ कोणीतरी फुलांचा सुप्रभात टाकला. मग सल्लागारांपैकीच एका काकांचा वाढदिवस निघाला. केक, फुगे, नाचणारी मांजर, जीवेत शरदः शतम्. मावशींनी पुन्हा लिहिलं: 'हरकत.' त्यावर दोघांनी अंगठे दाखवले. त्यांना वाटलं असावं वाढदिवसाबद्दल आहे. वाढदिवसाच्या काकांनी सगळ्यांचे मिळून आभार मानले. मी स्क्रीनवर बोट ठेवून वर वर सरकत गेले, मावशींचे दोन मेसेज शोधायला. एका केकच्या खाली सापडले.

रविवारी अभिजितदादांनी लिहिलं, 'सर्वांच्या संमतीने.' खाली जोडलेले हात.

मी मिनिट्समध्ये 'डॉ. सबनीस यांचा विरोध' असं लिहिलं होतं. समितीकडून मसुदा परत आला तेव्हा ती ओळ नव्हती. "अगं, ते चर्चेत आलं होतं, निर्णयात नाही," मला सांगण्यात आलं. मावशींना मी हे फोनवर सांगितलं.  त्या म्हणाल्या, "बेटावर निदान विरोध छापायचे तरी."

लिमये काकूंनी गाडीत मला विचारलं, "झूम म्हणजे लॅपटॉपवरच ना?" मी हो म्हणाले. "लॅपटॉप सुनेच्या ऑफिसच्या खोलीत असतो. ती कॉलवर असते." मग अ‍ॅक्टन टाउन येईपर्यंत त्या खिडकीतून बघत राहिल्या. "असू दे. मुलांची परीक्षा असते," असंही म्हणाल्या. मला तेही ऐकवेना.

एकच वाट उरली होती. वार्षिक सभेत अंतिम मंजुरी घ्यावी लागते, आणि तिथे कोणताही सभासद बोलू शकतो. मावशींनी भाषण तयार केलं. लांब नव्हतं. मला वाचून दाखवलं, तीनदा. त्यात बेट नव्हतं, घटना नव्हती. एक प्रश्न होता: आम्हाला कुठे बसवायचं हे ठरवताना आम्ही खोलीत असावं की नाही?

सभेच्या आदल्या दिवशी अभिजितदादांचा मला फोन आला. "एक गोड सरप्राइज आहे. मावशींचा सत्कार करतोय आपण. सल्लागार म्हणून टर्म संपतेय त्यांची, तरुण ज्येष्ठांनाही चान्स द्यायला हवा ना. शाल-श्रीफळ, फ्रेम, सगळं. आभार तू मान. दोनच वाक्यं. मराठीत जमेल ना? थांब, मी रोमनमध्ये टाइप करून पाठवतो."

मी मावशींना सांगितलं नाही. सत्कार म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, आणि फोनवर ते सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. नंतर कळलं की स्वातीला एडिनबरामध्ये हॉस्पिटलची नोकरी मिळाली होती आणि महिनाअखेर सगळं घर हलणार होतं. तेही मावशींना फायनल झाल्यावर सांगितलं होतं. आता त्या तिथे असतात. नव्या घरालाही वरचा मजला आहे, असं त्यांनी फोनवर सांगितलं. मी त्यांना शेवटचं बघितलं ते या वार्षिक सभेत.

हॉल भरला होता. किचनमधून वड्यांचा वास येत होता. मावशी दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर, हिरवी रेशमी साडी, ट्रेनर्स तेच. हातात घडी केलेलं भाषण. शेजारी लिमये काकू. शेवटचा विषय आला तेव्हा अभिजितदादांनी माइक हातात घेतला आणि आवाज मऊ केला.

"आता एक खास क्षण. आपल्या सर्वांच्या लाडक्या, सेनेटर डॉक्टर इंदुमती सबनीस! त्यांच्या मार्गदर्शनाखाली आपला गुरुवार कट्टा आता डिजिटल होतोय."

टाळ्या. दोन मुली येऊन मावशींना हाताला धरून स्टेजवर घेऊन गेल्या. शाल आली, नारळ आला, फ्रेम आली. हात भरलेले, त्यामुळे कागद कोणीतरी काढून टेबलावर ठेवला. फोटो झाले. "आणि याचबरोबर कट्ट्याचा ठरावही एकमताने मंजूर झाला असं आपण धरून चालू. कोणाची हरकत नाही ना?" टाळ्या थांबल्याच नव्हत्या.

मावशींचे ओठ हलले. काय म्हणाल्या ते मला ठाऊक होतं, पण ऐकू आलं नाही. त्या माइककडे वळल्या. "वेळेअभावी मावशींचे दोन शब्द आपण जेवताना ऐकू," अभिजितदादा म्हणाले आणि त्यांना खुर्ची दिली.

मावशी बसल्या नाहीत.

सभागृहात जो उभा आहे त्यानं आपली पाळी सोडलेली नसते, हे त्यांनी मला पत्ते पिसतापिसता कधीतरी सांगितलं होतं. त्या तशाच उभ्या राहिल्या. शाल एका खांद्यावरून घसरलेली, पोटाशी नारळ, काखेत फ्रेम. लोक आपापसांत बोलायला लागले. कोणी म्हणालं, "बसा ना आजी." मागच्या रांगा किचनकडे सरकायला लागल्या. मावशी कोणाकडे रागानं बघत नव्हत्या. सकाळच्या बसची वाट बघावी तशा उभ्या होत्या, आणि बस येणार नाही हे त्यांना कळलेलं असावं.

"आणि आभार!" अभिजितदादांनी माझ्या हातात माइक दिला.

माझ्या फोनवर रोमन अक्षरांत दोन वाक्यं होती. पहिला शब्द मी वाचला, मनातल्या मनात, ओठ हलवून. फोन माइकला घासला, माइकमधून खरखर यायला लागली आणि त्या खरखरीनंच लोक थांबले. लिमये काकू माझ्याकडे बघत होत्या. मावशी नव्हत्या बघत. त्या समोर बघत होत्या.

मी फोन खाली ठेवला.

"आभार नंतर," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "हा ठराव एकमताने नाहीये. माझं मत नाही असं आहे. आणि डॉक्टर सबनीस अजून उभ्या आहेत. आधी त्यांचं ऐका. मग एकेकाचं नाव घेऊन विचारा."